पाच ठोके

प्रेमदान चौकातल्या सिग्नलला रिक्षा थांबली आणि शामकांतच्या गुडघ्यावरची बोटं चुकली. बोटं तशी नेहमीच्याच जागी पडत होती, आधी तीन सुटे ठोके आणि मग दोन जवळजवळचे, गेली चोवीस वर्षं पडत आली तशीच. पण कानात जे वाजत होतं ते त्यांच्याशी जुळत नव्हतं. त्यानं थांबून पुन्हा धरलं. पुन्हा तेच. मोबाईलमध्येच काहीतरी बिघाड असणार असं त्याला वाटलं, कारण बिघाड आधी दुसरीकडं शोधायचा ही तेहतीस वर्षांच्या कारकुनीची सवय. दहा मिनिटांपूर्वी निकितानं स्वतःच्या हातानं ते गाणं त्याला शोधून दिलं होतं आणि इअरफोन कसे घालायचे तेही दाखवलं होतं. निकिता म्हणजे त्याच्या बायकोला, सरोजिनीला, पुन्हा बोलायला शिकवणारी स्पीच थेरपिस्ट. "काका, तुम्ही त्यांच्याजवळ बसून वाजवता ते चांगलंच आहे, पण एकदा मूळ रेकॉर्ड ऐकवून बघा ना," ती म्हणाली होती. "सात महिने झालेत. अजून दोन-तीन महिने मेंदू ऐकून घेतो म्हणतात. त्यानंतर बहुतेक जे आहे ते तसंच राहतं." हे तिनं फार हळू आवाजात सांगितलं, आणि शामकांतनं "हो हो, ऐकवतो" म्हणून पिशवी उचलली होती, एखाद्यानं येताना कोथिंबीर आणा म्हणावं तशी.

डाव्या कानात ढोल आणि म्हाताऱ्या आवाजांचं गाणं होतं. उजव्या कानात जवळजवळ काहीच नव्हतं, फक्त काड्या. दोन लाकडी काड्या एकमेकींवर आपटल्याचा कोरडा, स्वच्छ आवाज. हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. घरी होती ती कॅसेट, तीही रेकॉर्ड प्लेअरच्या एका स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली. तिच्यात ढोल धो धो ऐकू यायचा आणि काड्यांचा मागमूस नसायचा. म्हणून तर काड्या त्यानं वाजवायच्या असं ठरलं होतं. आता ढोलाचा मोठा ठोका, तळहाताचा, पोटातून येणारा धुम्, पडला की त्याची बोटं सवयीनं तिथंच पहिला ठोका टाकत होती, कारण मोठा ठोका तिथं सम, याच्यापलीकडं काही असू शकतं हे त्याच्या हाताला ठाऊक नव्हतं. आणि बरोबर त्याच क्षणी उजव्या कानात शांतता असायची. काड्या तिथं गप्प. ढोल बोलून झाला की मग त्या हळूच दोन टाकायच्या, आणि त्याचे तीन जिथं संपून गेलेले असायचे तिथं त्यांचे तीन सुरू व्हायचे. सोळा मात्रांच्या बरोब्बर अर्ध्यावर. त्याची सम जिथं होती तिथं त्या लोकांचा काल होता. काल म्हणजे ताल धरताना आपण हात उघडा करून दाखवतो ती रिकामी जागा. रिक्षावाल्यानं "काका, भिस्तबागच ना?" असं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा शामकांत "हो" म्हणाला आणि बोटं मुठीत धरून बसला.

त्याला काही वाटलं नाही. खरं तर इथं काहीतरी वाटायला हवं होतं हे त्याला कळत होतं, पण दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गालाला हात लावून बघावा, गाल आपलाच असतो आणि आपला नसतो, तसं सात महिने चाललं होतं. सरोजिनी स्वयंपाकघरात पडली त्या सकाळी त्यानं आधी दुधाखालचा गॅस बंद केला. मग गॅलरीचं दार लावलं, आधार कार्डांची फाइल शोधली, शेजारच्यांकडं किल्ली दिली आणि मग फोन लावला. लोक म्हणाले, किती धीराचा माणूस. तो धीर नव्हता हे एकट्या शामकांतला माहीत होतं. दवाखान्यात, घरी आणल्यावर, मुलगी अनन्या पंधरा दिवस राहून परत नोकरीवर गेली तेव्हा, तो गोळ्यांच्या वेळा चुकवत नव्हता, चादरी बदलत होता, भेटायला येणाऱ्यांना चहा विचारत होता. सरोजिनीची उजवी बाजू गेली होती आणि भाषा गेली होती. राहिला होता एकच शब्द. पाणी देऊ? बरं. खिडकी लावू? बरं. दुखतंय का? बरं. निकितानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की हा शब्द सवयीचा आहे, अर्थाचा नाही, त्याच्यावर विसंबू नका. सवयीचा, हे शामकांतनं मान डोलावून ऐकून घेतलं होतं. बायकोला आयुष्यभरात सगळ्यात जास्त सवय कुठल्या शब्दाची होती, याचा विचार त्याच्या मनात तेव्हा आला नाही. तो आता रिक्षात आला आणि पुढच्या खड्ड्याला गेलाही.

तिचं सगळंच जगावेगळं. नोकरी रेडिओ केंद्रात, तबकड्यांच्या खोलीत. तिथं कुठल्याशा वकिलातीनं कधीकाळी भेट पाठवलेल्या आणि कुणी हात न लावलेल्या तबकड्यांचा गठ्ठा होता, त्यात ही क्यूबाची एक. कव्हरवर तीन काळे म्हातारे तीन उभट ढोलांमागं बसलेले, आणि त्यांतला मधला फोटो काढणाऱ्याकडं न बघता स्वतःच्या हाताकडं बघतोय. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता ती कानाला मोठे हेडफोन लावून ते ऐकायची. तिचं पहिलं वाक्य त्याला अजून आठवतं. घरी आली, चप्पलसुद्धा काढली नाही आणि म्हणाली, "अहो, हे मी ऐकलेलं आहे." कुठं ऐकणार? तर श्रीगोंद्याला. तिचे वडील तिथं साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होते, लहानपण सगळं कारखान्याच्या कॉलनीत गेलं. गळीत हंगाम सुरू झाला की कॉलनीच्या कुंपणापलीकडं ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडायच्या. सात वर्षांची असताना तिनं कुंपणाच्या तारेला धरून एका बाईला घमेलं पालथं घालून वाजवताना पाहिलं होतं. बाईच्या हाताला फडकं बांधलेलं, बोटाला कोयता लागलेला, आणि त्याच हातानं ती वाजवत होती, गात काहीच नव्हती. एवढंच. पण ते तिच्या कानात जाऊन बसलं. मग तिनं पुस्तकं मागवली, शब्दकोश घेऊन वाचली, आणि पोळ्या लाटता लाटता त्याला सांगत सुटली. आफ्रिकेतून बोटीत कोंबून नेलेली माणसं. "अंगावरचं सगळं काढून घेतलं अहो त्यांच्या, ढोल कुठून नेणार? पण हातात होतंच की. उसाच्या मळ्यात दिवसभर राबायचं, आणि सुटीच्या दिवशी हे. ढोलाला बंदी आली तर मासळीचे खोके वाजवले. खोके नसले तर कपाटाचे खण." काड्यांचंही तिनं सांगितलं होतं. जहाजं बांधताना ठोकायच्या लाकडी खुंट्या होत्या त्या, गोदीतल्या मजुरांनी उचललेल्या, असं म्हणतात म्हणे. आणि ते पाच ठोके त्याच्याही आधीचे. त्यांचे भाऊबंद अजून आफ्रिकेत लोखंडी घंटेवर वाजतात.

तबकडीच्या मागच्या बाजूला दुसऱ्याच जातीचे ढोल होते, मांडीवर आडवे घेऊन दोन्ही तोंडं वाजवायचे, आपल्या पखवाजासारखे. त्या तिघांतला सगळ्यात मोठा म्हणजे आई. तो बोलतो, बाकीचे दोघं उत्तर देतात. बोलतो म्हणजे खरंच बोलतो, ती म्हणाली होती. त्यांच्या मूळ भाषेत एकच शब्द वरच्या सुरात वेगळा आणि खालच्या सुरात वेगळा, त्यामुळं ढोलाला ती भाषा जशीच्या तशी येते. "देवांना हाका मारतात त्याच्यावर. पण गंमत बघा, वाजवणाऱ्यांना आता त्यातल्या कितीतरी शब्दांचा अर्थ माहीत नाही. पणजोबांची भाषा गेली, ठोके तेवढे राहिले." शामकांतनं पेपरातून डोकं वर न काढता विचारलं होतं, "अर्थच माहीत नाही तर बोलतात काय?" ती लाटणं हातात घेऊन विचार करत उभी राहिली. "हातांना माहीत असेल," ती म्हणाली. ते त्याला तेव्हा बायकांचं काहीतरी वाटलं होतं.

ढोल तिनं इथंच करून घेतला. कव्हरवरचा फोटो घेऊन माळीवाड्याजवळच्या ढोलकीवाल्याकडं चार खेपा घातल्या, तेव्हा कुठं त्यानं आंब्याचं खोड कोरून, बोकडाचं कातडं चढवून तसलं काहीतरी उभं केलं. काड्या म्हणून नवरात्रात मिळतात त्या टिपऱ्या, अर्ध्यात कापलेल्या. आणि टिपऱ्या धरायला नवरा. त्याला कारण होतं. शामकांतचे वडील कीर्तनकार होते, नगर जिल्ह्यात अकोल्याच्या राजूरपासून पाथर्डीपर्यंत त्यांना बोलावणी असत, आणि पाच वर्षांचा असल्यापासून शामकांत त्यांच्या मागं उभा राहून झांज वाजवत असे. पाय दुखले तरी चालेल, झोप आली तरी चालेल, पण सम चुकता कामा नये. चुकली की वडील नुसती मान मागं वळवत, कीर्तन न थांबवता. त्या मान वळवण्याला तो इतका भीत असे की नऊ वर्षांत ती तीन वेळाच वळली. शाळेत गणितात मार्क जेमतेम पडायचे, नोकरीत बढती शेवटच्या वर्षी मिळाली, मुलीनं लग्न स्वतःच ठरवलं. आपल्याला खात्रीनं येतं असं म्हणण्यासारखी एकच गोष्ट त्याच्यापाशी होती, ती ही. सम कुठं आहे ते त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. त्यामुळं रविवारी सकाळी ती ढोल घेऊन बसायची, पदर खोचायची, केस घट्ट बांधायची आणि म्हणायची, "तुम्ही धरा, मी येते." तो टिपऱ्या धरायचा. दोन-तीन आवर्तनं एकट्याची व्हायची आणि मग तिचा तळहात पडायचा, धुम्, बरोबर त्याच्या पहिल्या ठोक्यावर. चोवीस वर्षांतले किती रविवार होतात कोण जाणे.

रिक्षातून उतरून तो जिना चढला. दार मालनबाईनं उघडलं. मालनबाई जेऊरच्या बाजूची, दिवसभर सरोजिनीजवळ असायची. विधवा, पन्नाशीची, बोलायला कुणाच्या बापाला न भिणारी. "काय म्हनली ती पोरगी?" तिनं विचारलं. "गाणं ऐकवा म्हणाली." "मंग ऐकवा की. त्ये तुमचं टिपऱ्यांचं मातर नगा लावू रोज. राग यील तुमास्नी, पर बाई भिताडाकडं त्वांड करत्यात." हे शामकांतला माहीत होतं. रोज संध्याकाळी पाच वाजता तो तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसायचा, टिपऱ्या धरायचा आणि तिच्या ढोलाची जागा तिला आठवावी म्हणून तोंडानं धुम् म्हणायचा, पहिल्या ठोक्यावर, जरा जोरात. आणि ती मान फिरवायची. आपल्याला आता ढोल वाजवता येत नाही म्हणून तिला वाईट वाटत असेल, असं त्यानं निकिताला सांगितलं होतं, आणि तिनंही ते वहीत लिहून घेतलं होतं. आता चप्पल काढता काढता त्यानं सहज विचारलं, "मी नसताना काही करते का ती? हात वगैरे हलवते?" मालनबाई म्हणाली, "करत्यात की. तुमी भाजी आनाय गेला की डावा हात त्या लोखंडी दांडीवर मारत्यात. येकदाच. मंग थांबत्यात. मंग परत येकदा." "मला कधी बोलली नाहीस." "तुमी कधी इचारलं? मला वाटलं माशी हानत्यात."

आत सरोजिनी जागी होती. भाड्यानं आणलेला दवाखान्याचा पलंग, त्याची दांडी वर केलेली, तिच्यावर तिचा डावा हात. केस मालनबाईनं तेल लावून चप्प बसवले होते. तसं तेल ती आयुष्यात कधी लावत नसे, पण हे तिला न विचारताच ठरून गेलं होतं. त्यानं एक इअरफोन तिच्या कानात घातला, काड्यांचा, आणि एक आपल्या. गाणं सुरू केलं. ती ऐकत होती की नाही कळलं नाही. डोळे छताकडं होते. संपल्यावर त्यानं विचारलं, "आवडलं?" ती म्हणाली, "बरं." आणि त्या शब्दाबरोबर एक रविवार त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. तो कधी विसरला होता हेही त्याला सांगता आलं नसतं.

अगदी सुरुवातीचा रविवार होता, ढोल नवा, कातड्याला अजून वास येत होता. त्यानं धरलं, ती आली, आणि तिचा मोठा ठोका पडला तो त्याच्या कालावर, भलतीकडंच. तो थांबला. सम चुकली तुझी, म्हणाला. ती म्हणाली, "नाही अहो, ते तिकडंच येतं. रेकॉर्डवर तसंच आहे. तुमच्या काड्या तिथं मोकळ्या असतात ना, तिथं तो बोलतो." त्यानं हसून सोडून दिलं, पुन्हा धरलं, पुन्हा ती तिकडं पडली. तिसऱ्यांदा त्यानं टिपऱ्या सतरंजीवर आपटल्या. "माझ्या बापानं सम शिकवलीय मला. पाच वर्षांचा होतो. तुझ्या त्या रेकॉर्डवाल्यांना जाऊन सांग, मोठा ठोका कालावर टाकत नसतात म्हणून." हे तो मोठ्यानं बोलला. लहानगी अनन्या आतल्या खोलीतून डोकावून गेली. सरोजिनी उठली, चहा टाकला, दोघांनी चहा प्यायला. मग तिनं कप विसळून ठेवले, पदर खोचला आणि पुन्हा ढोलामागं येऊन बसली. "बरं," ती म्हणाली. "तुम्ही धरा. मी येते." आणि आली, त्याच्या समेवर. नंतर ती कॅसेट कधी लागली नाही. ती कुठं गेली हेही त्यानं कधी विचारलं नाही. त्याला वाटलं, बायकोला पटलं.

दुसरंही एक आठवलं, आठवलं म्हणजे आता मागून अर्थ लागला. सावेडीतल्या एका छोट्या सभागृहात दोघांनी एकदा कार्यक्रम केला होता, लोक चाळीस-पन्नास. पुण्याहून असलेच ढोल वाजवणारा एक गृहस्थ आला होता. संपल्यावर तो सरोजिनीला बाजूला घेऊन बराच वेळ हातवारे करून काहीतरी सांगत होता, आणि ती हसत मान हलवत होती. घरी येताना शामकांतनं विचारलं, काय म्हणत होता? "काही नाही हो, पद्धत वेगळी आहे म्हणाला तुमची. मी म्हटलं, आमच्याकडं असंच असतं." त्याला ते ऐकून बरं वाटलं होतं. पुढं चार दिवस तो ऑफिसात, आमची पद्धत वेगळी आहे, असं सांगत होता.

कालाची ती रिकामी जागा ढोलाला बोलायला ठेवलेली होती. तिथं काड्या गप्प असतात त्या त्याच्यासाठी. आणि शामकांत चोवीस वर्षं नेमका तिथंच ठोका घालत आला होता, तिच्या ठोक्याच्या डोक्यावर. ती एक शब्द बोलली नाही. बोलली होती एकदा, तिचं ऐकून घेतलं गेलं नाही. तो संध्याकाळभर खुर्चीवर बसून राहिला. पाच वाजले, मालनबाईनं टिपऱ्या आणून त्याच्या मांडीवर ठेवल्या, आणि "आज न्हाई व्हय?" विचारून परत नेल्या. आपल्याला आता रडू यायला हवं, किंवा निदान लाज वाटायला हवी, असं त्याला वाटत होतं, पण आत हात घालून बघितलं तरी हाताला काही लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसू लागला. एका कानात गाणं, समोर सिमेंटचा कठडा. पाच ठोके तेच होते, हातांना नवीन काही करायचं नव्हतं. फक्त ढोल पडेल तेव्हा गप्प राहायचं होतं. आणि तेवढंच जमत नव्हतं. ढोल धुम् म्हणाला की मान आपोआप खाली यायची, वडिलांच्या मागं उभं असताना यायची तशी, आणि मान आली की पहिला ठोका आलाच. त्यानं मान भिंतीला टेकवून बघितली. डोळे मिटून बघितलं. शेवटी त्याला एक युक्ती सापडली, कारकुनी युक्ती: ढोल पडला की तोंड मिटून आठ मोजायचे आणि मग आपले तीन सुरू करायचे. त्या आठांत दोन ठोके आपोआप बसत होते. गच्चीवर वाळवण घालायला आलेल्या खालच्या मजल्यावरच्या सुरेखाताई त्याच्याकडं बघून वाळवण न घालताच परत गेल्या. बँकेत पासबुक भरायला गेला तिथंही तो बाकावर मोजत होता. बसच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं असतं आणि तिकीट काढताना त्याच्या तोंडातून नगरच जातं, तसंच हे. आपल्या जिभेचं नि हाताचं आता काय व्हायचं ते होऊन गेलेलं आहे, असं त्याला वाटायचं. पण दोन-तीन महिने आहेत म्हणाली होती ती मुलगी, त्यातला एक आठवडा टाकीपाशीच गेला.

शनिवारी दुपारी तो खुर्ची ओढून सरोजिनीजवळ बसला. मालनबाई दाराशी लसूण सोलत होती. सरोजिनीनं टिपऱ्या बघितल्या आणि तिची मान भिंतीकडं वळायला लागली. "आज धुम् म्हणणार नाही मी," तो म्हणाला. हे तिला कळलं की नाही देव जाणे. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि धरलं. तीन, दोन. तीन, दोन. दोनांच्या आधीची ती रिकामी जागा तो रिकामी ठेवत होता, मान ताठ धरून, आणि ती जागा इतकी मोठी होती हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. तिच्यात भरपूर काहीही मावलं असतं. सहा-सात आवर्तनं तशीच गेली. मग पलंगाची दांडी वाजली. सरोजिनीचा डावा तळहात, बांगडीसकट, त्या रिकाम्या जागी पडला होता. पुढच्या आवर्तनात पुन्हा पडला. मग पुन्हा. तिचा चेहरा भिंतीकडंच होता पण हात चुकत नव्हता, आणि शामकांतच्या काड्या त्याच्या आजूबाजूनं जात होत्या. दोन्ही मिळून जे वाजत होतं ते अगदी त्या तबकडीसारखं होतं, भाड्याच्या पलंगावर आणि अर्ध्या टिपऱ्यांवर. मालनबाईनं लसूण खाली ठेवला. "आगं बया," ती हळूच म्हणाली.

चार-पाच आवर्तनं झाली असतील. शामकांतला आनंद झाला, इतका की त्याचं भान सुटलं, आणि भान सुटल्याबरोबर मान खाली आली. तिचा हात पडला, त्यावर त्याचा पहिला ठोका पडला, आणि त्याच्या तोंडून धुम् निघून गेलं. जुनी वाट. त्याला ते लगेच कळलं नाही. हातांना घरी आल्यासारखं वाटत होतं. कळलं ते तिच्या हातावरून. हात दांडीच्या वर थांबला होता. एक आवर्तन तो तसाच हवेत राहिला. सरोजिनीनं मान इकडं वळवली, डोळे मिटले, कपाळावर आठ्या आल्या, ओठाचा चालता अर्धा भाग दातांत धरला गेला, जड पिंप एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ओढताना माणूस करतं तसं तोंड. आणि मग हात खाली आला. त्याच्या समेवर. त्याच्याकडं. हे करायला काय लागतं ते शामकांत आज समोरून बघत होता. चोवीस वर्षं ते ढोलामागं होत होतं, आणि तो टिपऱ्यांकडं बघत बसला होता. "बरं," सरोजिनी म्हणाली.

त्यानं टिपऱ्या थांबवल्या. मांडीवर ठेवल्या. तिचा हात एकदा पडला आणि काड्या नाहीत म्हणून अडखळला. "नको," शामकांत म्हणाला. "तू सरकू नकोस. तू तुझ्या जागी राहा. चुकत होतो मी, सरोज. तेव्हाही मीच चुकत होतो. तू धर. मी येतो."

ती त्याच्याकडं बघत राहिली. बरं म्हणाली नाही. मग बांगडी दांडीवर वाजली. मोठं अंतर. पुन्हा वाजली. एकटीच, काड्यांशिवाय, न घाई करता ती धरून होती, आणि शामकांत टिपऱ्या उचलून, ओठ हलवत, तिच्या ठोक्यानंतरचे आठ मोजत होता. पहिल्यांदा सातावरच हात उठला आणि त्यानं तो मागं घेतला. दुसऱ्यांदा आठ झाले पण धीर झाला नाही. बांगडी वाजत होती. त्याला समोरचं जरा धूसर दिसायला लागलं होतं आणि गालावरून काहीतरी खाली येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"दादा," मालनबाई दारातून म्हणाली, "रडताय व्हय?"

"नाही," शामकांत म्हणाला. "मोजतोय."